अबोल्यात मौन

शांतता विकत घ्यायची पाळी निरीक्षकांवर आली तेव्हा त्यांच्या घरात ती मुबलक होती. चार शेजाऱ्यांना वाटली असती तरी उरली असती. नवरा-बायकोतला अबोला दुसऱ्या आठवड्यात शिरला होता आणि आता घरातलाच एक माणूस असल्यासारखा ऐसपैस वावरत होता. अशा वेळी परगावी नोकरी करणाऱ्या लेकीने फोन करून कळवलं, की तिने दोघांच्या नावाने शनिवार-रविवारचं योग आणि ध्यान शिबिर घेतलं आहे, पैसे भरून टाकले आहेत, ते परत मिळत नाहीत, आणि शिबिरात पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत मौन आहे.

"तुम्ही दोघं फार ताणात वाटता," ती म्हणाली. "परवा आईने मला सांगितलं, तुझ्या बाबांना सांग की दूध आणायचंय. तुम्ही तिच्या शेजारीच बसला होतात ना?"

"ताण वगैरे काही नाही," निरीक्षक म्हणाले.

"मग आईला द्या फोन."

निरीक्षकांनी फोन टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "फोन आहे. ज्याचा असेल त्याने घ्यावा."

निरीक्षक वजनमापे खात्यात होते. दुकानादुकानांतून काटे तपासायचे, खरा निघाला तर शिक्का मारायचा आणि खोटा निघाला तर जप्त करायचा, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की खरं-खोटं करणं ही त्यांची नोकरी न राहता प्रकृती झाली होती. त्यांची बायको शिशुवर्गाला शिकवायची. शाळेत सगळे तिला बाई म्हणत, म्हणून गल्लीतही ती बाईच होती. चार वर्षांच्या पोरांपुढे बसून मुंगीने हत्तीला बाजारात नेल्याची गोष्ट सांगायची, आणि परत येताना मुंगीला किती घाम आला होता तेही सांगायचं, हा त्यांचा पेशा. एकाच छपराखाली एक माणूस जग मोजून घेणारा आणि दुसरा ते फुगवून देणारा. इतकी वर्षं हे निभलं याचंच खरं तर नवल करायला हवं.

बिनसलं ते एका सापावरून. बाईंच्या शाळेतल्या मैत्रिणी कितीतरी वर्षांनी जेवायला आल्या होत्या. जेवणं अर्ध्यावर आली आणि बाईंनी बहिणीच्या घरी मोरीतून निघालेल्या सापाची गोष्ट काढली. साप काळाकुळकुळीत, मनगटाएवढा जाड. बाई स्टुलावर, हातात फक्त प्लास्टिकचा मग. साप डोकं वर काढतोय, बाई मग उगारतायत, मैत्रिणींचे घास हातातच राहिलेत. तेवढ्यात पाण्याचा जग भरून आणणारे निरीक्षक म्हणाले, "साप नव्हता. गांडूळ होतं. मोठं होतं, पण गांडूळ."

मैत्रिणी पोट धरून हसल्या. गोष्टीला नाही, बाईंना हसल्या. बाईही हसल्या. त्यांनी सगळ्यांना वाढलं, जिन्यापर्यंत जाऊन निरोप दिला, परत येऊन भांडी घासली आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद केलं.

अबोल्याच्या घरात बोलणं थांबतं असं समजणाऱ्यांनी अबोला धरलेला नाही. उलट बोलणं वाढतं, फक्त ते माणसांशी होत नाही. "कुणाला चहा हवा असेल तर ओट्यावर आहे," असं बाई फ्रिजला सांगत. "इस्त्रीचे कपडे आणायला कुणी जाणार असेल तर पावती ड्रॉवरमध्ये आहे," असं निरीक्षक पंख्याला सांगत. फ्रिज आणि पंखा दोघेही समजूतदार होते, निरोप बरोबर पोचवत. पण रात्रीचं जेवण झाल्यावर दोघं समोरासमोर बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे, त्या गप्पा फ्रिजशी मारता येत नव्हत्या. निरीक्षकांना बायकोची आठवण येत होती. ती शेजारच्या खोलीत होती आणि तरी येत होती.

सल्ला द्यायला माणसं होती. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "सरळ माफी मागा आणि मोकळे व्हा. जितकं लांबवाल तितकं ठणकणार." वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका मात्र म्हणाले, "घाई करू नका. आमचा एकदा वर्षभर चालला होता. तब्येत इतकी चांगली पुन्हा कधी राहिली नाही." त्यांच्या बायकोने तेव्हा चहाचा कप असा आपटला की निरीक्षकांनी डॉक्टरांचंच ऐकायचं ठरवलं.

अडचण एवढीच होती की माफी अचूक असायला हवी होती. 'मी तसं बोलायला नको होतं,' इथपर्यंत गाडी नीट जायची आणि पुढे 'पण ते गांडूळच होतं' हे आपोआप यायचं. निरीक्षक दाढी करताना, जिना उतरताना, दुकानात शिक्के मारताना मनात तीच माफी घोळवत आणि दर वेळी शेवटी तो 'पण' येऊन उभा राहत असे. खोट्या काट्यावर शिक्का मारायला सांगितल्यासारखा त्यांचा हात अडखळायचा. शिबिराच्या बसमध्ये बसताना मात्र त्यांनी निश्चय केला, की तिथे पोचायच्या आत माफी मागायची, 'पण'सकट किंवा 'पण'विना.

घाई व्हायला कारण घडलं होतं. निघताना त्यांनी बाईंची बॅग उचलली आणि उचलताक्षणीच त्यांना कळलं की दोन दिवसांच्या कपड्यांचं हे वजन नव्हे. या बाबतीत त्यांचा हात कधी चुकत नसे. बॅगेत निदान पंधरवड्याचे कपडे होते. आणि शिबिराच्या फाट्यावरून बाईंच्या बहिणीच्या गावाला थेट बस जाते, हेही त्यांना माहीत होतं. बस सुटली, बाईंनी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले, आणि निरीक्षक मांडीवरच्या पिशवीकडे बघत माफी जुळवत राहिले.

फाटा येईपर्यंत ती जुळली नाही. फाट्यापासून शिबिराच्या फाटकापर्यंत चालताना बाई पुढे आणि ते मागे. फाटकाशी त्यांनी घसा साफ केला, "अगं..." इतकं म्हटलं, आणि आत कुणीतरी घंटा वाजवली. पांढऱ्या कपड्यातली एक उंच मुलगी हातात पितळी घंटा घेऊन आली, ओठांवर बोट ठेवून हसली आणि तिने दोघांचे फोन, पेनं आणि निरीक्षकांचं ओळखपत्र एका कपाटात ठेवून कुलूप लावलं. मौन सुरू झालं होतं. निरीक्षक नियम पाळणारे गृहस्थ. त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

शिबिराची जागा म्हणजे एकेकाळचं कुठलंसं वसतिगृह असावं. लांब व्हरांडा, व्हरांड्यात ओळीने खोल्या, टोकाला ध्यानाचं दालन आणि दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. निरीक्षकांच्या खोलीत एक विमा एजंट होता. बोलता येत नसल्याने त्याचा चेहरा पहिल्या तासातच सुजल्यासारखा दिसायला लागला होता.

व्हरांड्यात एक काटा होता. गोल तबकडीचा, वर उभं राहायचा. घंटेवाली एकेकाला त्यावर उभं करत होती आणि आकडा बघून हिरवा किंवा पिवळा बिल्ला छातीला लावत होती. हिरव्याला पूर्ण जेवण, पिवळ्याला हलका आहार, म्हणजे सूप. निरीक्षक मुळात वाळक्या काडीसारखे, त्यांना हिरवा मिळाला. पण तबकडीकडे नजर गेली आणि ते जागीच थिजले. काटा त्यांना चार किलोंनी वर दाखवत होता. आपलं वजन त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. रोज सकाळी खात्याच्या प्रमाणित काट्यावर उभं राहूनच ते हजेरी लावायचे. त्यांनी खाली वाकून बघितलं. पडताळणीचा शिक्का असायला हवा त्या जागी शिक्का नव्हता. तिथे एका हसऱ्या फुलाचं चिकटचित्र होतं.

त्यांच्या मागे बाई काट्यावर चढल्या. त्यांचा जो काही आकडा आला तो इथे लिहिला जाणार नाही, कारण तो त्यांचा नव्हता, काट्याचा होता. बाईंनी तबकडीकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं. घंटेवालीने त्यांच्या छातीला पिवळा बिल्ला लावला.

दुपारच्या जेवणाला निरीक्षकांपुढे भात, दोन भाज्या, पाव आणि लोण्यात परतलेले बटाटे आले. समोरच्या टेबलावर बाईंपुढे दुधी रंगाचं सूप आलं, ज्यात एक गाजराचा तुकडा एकटाच फिरत होता. निरीक्षकांना घास गिळवेना. बायको सकाळी लवकर निघायच्या गडबडीत काही न खाता निघाली होती हे त्यांनी बघितलं होतं, फ्रिजकरवी का होईना. आता निदान तिला खरं कळवायला हवं होतं, की बाई गं, तुझं काही वाढलेलं नाही, यंत्र खोटं आहे.

बाईंची नजर वर येताच त्यांनी व्हरांड्यातल्या काट्याच्या दिशेने बोट दाखवलं. मग बाईंकडे बोट दाखवलं. मग जोराने मान हलवली. आणि चूक किती मोठी आहे ते कळावं म्हणून दोन्ही हात चांगले फाकवून दाखवले.

बाईंनी त्या हातांमधलं अंतर बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी सूप तसंच ठेवलं आणि पाठ करून बसल्या. निरीक्षकांच्या लक्षात आलं की आपण आत्ता भरल्या पंगतीत बायकोला तिची रुंदी दाखवली आहे.

त्यातच शिबिरप्रमुख ध्वनिक्षेपकावरून बोलायला उभे राहिले. बोलायची परवानगी फक्त त्यांना होती आणि ती ते पुरेपूर वापरत. "मौन म्हणजे काय ते बघायचं असेल तर या जोडप्याकडे बघा," ते या दोघांकडे हात करून म्हणाले. "सकाळपासून मी पाहतो आहे. एक चोरटा शब्द नाही, एक खूण नाही, आत्ताची सोडली तर. ही तयारी एका दिवसाची नव्हे." शिबिरार्थींनी कौतुकाने माना डोलावल्या. निरीक्षकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणानंतर त्यांनी घंटेवालीला गाठलं. तिला काट्यापाशी नेलं, शिक्क्याची रिकामी जागा दाखवली आणि शिक्का कसा मारतात ते कळावं म्हणून एका हाताची मूठ दुसऱ्या तळहातावर दाणदाण आपटली. घंटेवाली दोन पावलं मागे सरली. तिने समजुतीने मान हलवली, त्यांना हलकेच दंडाला धरलं आणि 'राग विसर्जन कक्ष' अशी पाटी असलेल्या खोलीत नेऊन सोडलं. खोलीत एक जाडजूड उशी आणि ती बडवायला एक बांबू होता. ज्यांनी गावातल्या भल्याभल्या व्यापाऱ्यांचे काटे जप्त केले त्या निरीक्षकांनी, नियम म्हणून, घंटा होईपर्यंत एक उशी बडवली. राग नव्हता तो त्या खोलीत आला.

खोलीवर आल्यावर विमा एजंटने त्यांना मोरीत ओढलं आणि नळ पूर्ण सोडला. पाण्याच्या आवाजात त्याने जीव मोकळा केला. "काटा खोटा आहे ना? मलाही जास्त दाखवला. मी कपड्यांचं वजन समजलो. वहिनी रागावल्यात ना? साहेब, हातवारे करून कुणाला काही पटत नाही. छापील आकडा दाखवा. आमच्या धंद्यात बघतो ना मी, माणूस माणसाचं ऐकत नाही, पण छापलेल्याला मान देतो." निरीक्षकांनी उत्तर दिलं नाही, कारण मौन होतं. पण छापील हा शब्द त्यांच्या डोक्यात घर करून बसला.

स्वयंपाकघराच्या कोठीत पिठाची पोती होती. कारखान्यातून बंद होऊन आलेली, प्रत्येकावर ठळक अक्षरांत पंचवीस किलो असं छापलेलं. जेवताना ती त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. दुपारी आचारी आडवा झाला की एक पोतं उचलायचं, काट्यावर ठेवायचं, बायकोला तबकडी दाखवायची आणि पोतं जागच्या जागी नेऊन ठेवायचं. यात बेकायदा काही नव्हतं. खात्यात याला तपासणी म्हणतात.

पिवळ्या बिल्ल्याच्या मंडळींना त्या वेळात व्हरांड्यातून सावकाश चालण्याची साधना होती, हेही त्यांनी हेरून ठेवलं होतं. ते वाळके असले तरी खात्यातली लोखंडी वजनं उचलून हाडं काटक झाली होती. पोतं खांद्यावर मारून ते आले आणि काट्यावर ठेवलं. तबकडीने सत्तावीस दाखवलं. निरीक्षकांचं काळीज सुपाएवढं झालं. पोत्यावर पंचवीस, तबकडीवर सत्तावीस. यापेक्षा सुंदर पुरावा त्यांनी नोकरीतही पाहिला नव्हता.

समोरून पिवळी रांग येत होती. सावकाश म्हणजे किती सावकाश याचा निरीक्षकांना अंदाज नव्हता. प्रत्येकजण एक पाय उचलायचा, तो हवेत आहे याची जाणीव घ्यायचा, मग ठेवायचा, आणि ठेवला आहे याचीही जाणीव घ्यायचा. बाई रांगेत शेवटी. निरीक्षक एका हाताने छापील आकडा आणि दुसऱ्या हाताने तबकडी दाखवत उभे राहिले. रांगेतले लोक एकेक करून त्यांच्याकडे बघत पुढे गेले, सावकाशच. हात भरून आले. शेवटी बाई आल्या. त्यांनी पोत्याकडे बघितलं, तबकडीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते निरीक्षकांना वाचता आलं नाही, कारण तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे घंटा खणाणली.

घंटेवाली स्वयंपाकघराकडून येत होती. आता गपगुमान उभं राहायला हवं होतं. पण लोकांचे काटे अचानक तपासणारा माणूस स्वतः अचानक तपासला गेला की गोंधळतो. निरीक्षकांनी पोतं पोटाशी धरलं आणि ते पळाले. काट्याच्या पत्र्याला लागून पोत्याचा कोपरा फाटला होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्यामागून व्हरांडाभर एक सरळ पांढरी रेघ येत होती. टोकाला ध्यानाच्या दालनाचं दार तेवढं उघडं होतं. आत हिरव्या बिल्ल्याचे लोक डोळे मिटून बसले होते. निरीक्षक शेवटच्या ओळीत शिरले, मांडी घातली, पोतं मांडीवर घेतलं आणि त्यांनीही डोळे मिटले.

तरी निभावलं असतं. पण पीठ नाकात गेलं आणि त्यांना शिंक आली. एकच आली, पण तिच्यासरशी पोत्यातून ढग उठला. विमा एजंटने डोळे उघडले, शेजारी पांढराफटक माणूस पांढऱ्या धुरात बसलेला बघितला आणि तो म्हणाला, "मेलो." मग दुसरा बोलला, मग तिसरा, आणि सगळं दालन एकदम बोलायला लागलं. सकाळपासून जपलेलं मौन धुळीला मिळालं, म्हणजे पिठाला मिळालं. पांढऱ्या रेघेवरून चालत घंटेवाली दारात आली. शिबिरप्रमुखांनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती.

रविवार दुपारपर्यंत निरीक्षकांना अंगावरच्या पिठासकट भिंतीकडे तोंड करून वेगळं बसवलं. बाईंशी नजरानजरही झाली नाही. त्यांच्या डोक्यात पोत्यापेक्षा ती बॅगच जास्त होती.

शेवटची घंटा झाली, मौन सुटलं आणि सगळे गोल करून बसले. शिबिरप्रमुख मवाळ आवाजात म्हणाले, "काल आपल्यातले एक बंधू पिठाचं पोतं घेऊन ध्यानाला बसले. का, ते त्यांनी समूहाला सांगावं. दोष द्यायला नव्हे, मोकळं होण्यासाठी."

निरीक्षक उभे राहिले. सगळं ओळीने जुळवलेलं होतं. काट्याला शिक्का नाही. स्प्रिंग थकली की काटा चढा बोलतो. पंचवीसला सत्तावीस. त्यामुळे माझ्या पत्नीचं वजन खरं अमुक असताना तमुक दाखवलं गेलं आणि दोन दिवस तिची उपासमार झाली. एवढं सांगितलं की ते सुटणार होते, उलट शिबिरवालेच अडकणार होते. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई खाली बघून छातीवरच्या पिवळ्या बिल्ल्याचा कोपरा नखाने सोलत होत्या. तो अमुक आणि तमुक सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नव्हता. आणि सगळे ऐकत होते, त्या दिवशी मैत्रिणी ऐकत होत्या तसेच.

"मला काही सांगायचं नाही," निरीक्षक म्हणाले.

दालनात कुजबुज झाली. "भूक लागली असेल हो," विमा एजंट त्यांची बाजू घ्यायला म्हणाला. "भूक ही लाजायची गोष्ट नाही," शिबिरप्रमुख म्हणाले, "मात्र कच्चं पीठ पोटाला बरं नव्हे." निरीक्षकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर लोकांची चोरी पकडली आणि आज भर सभेत पीठचोर ठरायची वेळ आली. तरी ते गप्पच राहिले. हे मौन मात्र पहिल्या घंटेपासून पाळलेल्या मौनापेक्षा फार जड होतं.

"मी सांगते," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या, पदर सावरल्यासारखा बिल्ला सावरला आणि शिशुवर्गासमोर बसतात तशा सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "ती पांढरी रेघ सगळ्यांनी बघितलीत ना? ती पळण्याची रेघ नाही. मी तेव्हा व्हरांड्यातून चालत होते. पाय हवेत होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने रानडुक्कर आत शिरलं."

"रानडुक्कर?" घंटेवाली म्हणाली.

"काळं. अंगावर हे असे राठ केस. सुळे हे एवढे." बाईंनी दोन्ही हात फाकवले, बरोबर निरीक्षकांनी फाकवले होते तेवढे. "पोत्याचा कोपरा त्याच्या तोंडात आणि पोतं ह्यांच्या मिठीत. ते तिकडे ओढतंय, हे इकडे ओढतायत. आणि तोंडातून आवाज नाही हो. मौन ना. दुसरा असता तर ओरडला असता. ह्यांनी डुकराकडे नुसतं बघितलं. असं." बाईंनी बघून दाखवलं. पुढच्या ओळीतले दोघं मागे सरकले. "डुकराने पोतं सोडलं. पण ते मागे लागलं तर? आत तर तुम्ही सगळे डोळे मिटून बसलेले. म्हणून हे पोतं घेऊन तुमच्यामध्ये येऊन बसले. आलंच ते, तर आधी ह्यांच्यावर यावं म्हणून."

निरीक्षकांच्या तोंडात एकामागून एक दुरुस्त्या येत होत्या. स्वयंपाकघराला मागचं दार नाही. त्या भागात रानडुकरं नाहीत. पोतं पत्र्याला फाटलं. त्या सगळ्या दातांपर्यंत आल्या आणि दातांनी त्या अडवल्या.

"मला तर डुक्कर दिसलं नाही," घंटेवाली म्हणाली.

"कसं दिसणार? तू खाली बघत पिठामागून येत होतीस," बाई म्हणाल्या.

शिबिरप्रमुख निरीक्षकांकडे वळले. "हे खरं आहे का?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. बाई तेवढ्या बघत नव्हत्या. त्या त्यांच्याकडे पाठ करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे ताठ झाले होते. त्या दिवशी आपण पाण्याचा जग घेऊन आलो तेव्हाही त्या अशाच ताठ बसल्या असतील, असं निरीक्षकांना वाटलं.

"ती सांगते तसंच झालं," ते म्हणाले.

मग टाळ्या पडल्या. विमा एजंटने त्यांना मिठी मारली आणि पीठ त्याच्याही सदऱ्याला लागलं. निघताना निरीक्षकांनी ओळखपत्र परत घेतलं, घंटेवालीला बाजूला नेऊन काटा दुरुस्त होईपर्यंत वापरू नका अशी रीतसर समज दिली आणि हसऱ्या फुलाचं चित्र आपल्या हाताने काढून टाकलं. खात्याचा माणूस म्हणून एवढं त्यांना करावंच लागलं.

फाट्यावर दोघं बाकावर बसली, मध्ये बॅग. बहिणीच्या गावाची बस आधी आली आणि थांबली. कंडक्टरने दार उघडलं. बाई उठल्या नाहीत, पण त्यांचा हात बॅगेवर होता. जायचंच असेल तर तिने ती जड बॅग स्वतः उचलू नये, एवढंच निरीक्षकांना कळत होतं. त्यांनी उठून बॅग उचलली आणि बसकडे निघाले.

"अहो," बाई म्हणाल्या, "ठेवा ती खाली."

निरीक्षकांनी बॅग ठेवली. किती दिवसांनी ती हाक कानावर पडली होती. त्यांना समोरची बस नीट दिसेना. ती निघून गेली ते त्यांना आवाजावरून कळलं.

"काटा किती जास्त दाखवत होता?" बाईंनी विचारलं.

"पंचवीसला दोन."

"म्हणजे मला?"

निरीक्षकांनी गणित केलं. उत्तर दशांश चिन्हापर्यंत आलं. "साधारण पाच," ते म्हणाले. साधारण हा शब्द त्यांनी वजनाच्या बाबतीत पहिल्यांदाच वापरला.

"आणि मला सूपवर ठेवलं मेल्यांनी," बाई म्हणाल्या.

मग निरीक्षक रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या मैत्रिणींसमोर मी बोलायला नको होतं."

बाई थांबल्या. पुढचं येणार हे इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांना माहीत होतं. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मागून एक सायकल गेली. पुढचं काही आलं नाही.

"तो साप..." बाई म्हणाल्या.

"सापच होता," निरीक्षक म्हणाले.

"गांडूळच होतं हो. मला काय दिसत नाही? पण गांडुळाची गोष्ट कोण ऐकणार?"

निरीक्षकांनी यावर विचार केला. कोणीच ऐकली नसती, हे त्यांना मान्य करावं लागलं.

घरची बस आली. जागा मिळाली ती एका म्हाताऱ्या बाईच्या शेजारी. तिने निरीक्षकांच्या पांढऱ्या केसांकडे, पांढऱ्या भुवयांकडे आणि पांढऱ्या सदऱ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "काय हो, ह्यांना काय झालं?"

"अहो, काय सांगू तुम्हाला," बाई सरसावून बसल्या. "पिठाच्या कोठीत रानडुकरं शिरली. आणि हे एकटे."

"रानडुकरं? किती होती?"

बाई क्षणभर अडखळल्या. मग त्यांनी नवऱ्याकडे वळून बघितलं. "किती होती हो? दोन ना?"

निरीक्षकांनी मांडीवरची बॅग नीट केली, आठवून बघितलं आणि खात्यात देतात तशा आवाजात उत्तर दिलं.

"तीन. तिसरं टाकीमागे होतं. तुला दिसलं नसेल."